रुमाल्या

फहाहीलच्या धक्क्यावर शुक्रवारी साडेसहाला
कोणी नसतं.
रात्रीच्या शेगडीतली राख, बियांची टरफलं,
गळ टाकून बसलेले दोघे बंगाली;
ते मला नळीवाला म्हणतात,
माझ्या दुर्बिणीवरून.

आठवडाभर रिफायनरीत मी जोड तपासतो.
वेल्डची फिल्म उजेडावर धरायची
आणि पांढुरक्यात कुठं काळं राहिलंय का ते बघायचं.
राहिलं असेल तर लाल पेन.
शुक्रवारी उलटा धंदा:
काळ्यात पांढरं.

तो तिथंच होता, तिसऱ्या बोयाच्या पलीकडं,
शमालनं उकरलेल्या पाण्यावर एक काळपट गाठोडं.
पाणकावळा नव्हे, पाणकावळा चोच वर करून
हिशेब मागायला आल्यासारखा पोहतो.
टिबुकली नव्हे, ती एवढी अंगानं कुठली.
कपाळापासून चोचीपर्यंत एकच उतार,
गालावर दोन फिकट डाग,
पाटीवर थुंकी लावून पुसल्यासारखे.

समुद्री बदक, हे नक्की.
पण कुठलं?
दोन चुलतभाऊ आहेत, पाण्यावर सारखेच काळे.
एकाच्या पंखात पांढरा पट्टा असतो
आणि तोही तो कुशीच्या पिसांखाली
घडी घालून ठेवतो.
त्यांचं गाव बर्फाच्या काठावर.
इथं यायचं त्याला कारण नव्हतं.
मलाही नव्हतं तसं, पण मला व्हिसा होता.

मराठीत याला नाव नाही.
भिगवणच्या पाण्यावर जे उतरले त्यांना मिळाली नावं:
थापट्या, तलवार, चक्रवाक,
चोचीला बोट लावून कोणीतरी हळदीकुंकू म्हणालं.
हा कधी आलाच नाही.
मी मनात म्हटलं, पांढरं दिसलं
तर रुमाल्या.
नाहीतर राहू दे बिननावाचा.

बुडी. एकतीस सेकंद.
बुडताना पंख जरासा उघडतो म्हणतात.
उघडतही असेल.
दर वेळी नेमकी तेव्हाच एक लाट मध्ये उभी.
बुडी. सव्वीस. बुडी.
डोळ्यातून पाणी, ते वाऱ्यानं.

मग मागं गाडीचं दार वाजलं.
हिरवं जाकीट, थंडीनं लाल झालेलं नाक,
छातीवर नाव: जर्राह.
रिफायनरीच्या एवढ्या जवळ नळी लावून
कोण काय बघतं, हा प्रश्न रास्तच होता.
ओळखपत्र, तो म्हणाला.
मग दुर्बिणीकडं बोट: शिनू हाथा?
मला येणाऱ्या पंधरा अरबी शब्दांत तो एक होता:
बत्ता.
(आमच्याकडं बत्त्यानं लसूण ठेचतात.)
बत्ता? म्हणाला, आणि वाकला.

मी पाकिटात कार्ड शोधत होतो.
बधिर बोटं, बँकेचं कार्ड, दवाखान्याचं कार्ड,
मुलीचा फोटो, जुनं कार्ड, संपलेलं.

अब्यद!

मान वर केली तर जर्राहनं स्वतःचा हात पसरलेला,
आणि दुसऱ्या हातानं दाखवत होता
कोपराच्या अलीकडं, मागच्या कडेला,
अगदी तिथं,
जिथं पुस्तकात छापील बाण असतो.
अब्यद, अब्यद. हिनी.
पुस्तक त्यानं पाहिलं नव्हतं.
खोटं बोलायला आधी माहीत असावं लागतं.

मी डोळा लावला.
पाणी होतं.
चाळीस. पन्नास. नव्वद.
त्यानं कार्ड न बघताच परत दिलं.

वहीत माझे दोन रकाने असतात,
काय दिसलं आणि कोणाला.
पहिल्यात लिहिलं: पंखात पांढरं, एक पक्षी.
दुसऱ्यात: जर्राह, गस्तीची गाडी.
जे पाहिलं नाही त्यावर सही करायची नाही,
याच एका सवयीचा मला पगार मिळतो.
सहीची जागा अजून कोरी आहे.
रुमाल्या हे नाव पेन्सिलनं.

त्यानंतर चार शुक्रवार वारा पडला नाही.
गाडी धक्क्याशी येऊन हळू होते,
काच खाली जाते.
बत्ता?
ला, मी म्हणतो.
तो तरीही उतरतो,
हात जाकिटावर चोळत,
आणि मी दुर्बीण त्याच्या उंचीला करून देतो.