ब्लर : चार पिक्सेल

शारजा, अल नहदा, रात्रीचे अकरा.
टॉवरच्या फोटोवर धूळ बसलीय,
अबू नासर म्हणतात, आभाळ निळं कर.

ब्राइटनेस एकशे वीस. कॉन्ट्रास्ट थोडा जास्त.
धूळ हटली,
आणि सतराव्या मजल्याच्या परांचीवर
एक माणूस निघाला,
डबा उघडून बसलेला.

"त्याला पुसट कर."
केलं. चार पिक्सेल.
एका ओळीचं तर काम.

पण मूळ चित्राला कोड हात लावत नाही,
वरून फक्त पदर ओढतो.
म्हणून खाली अजून एक ओळ लिहिली :
कर्सर त्याच्यावर आला
तर ब्लर शून्य,
अर्ध्या सेकंदात, हळूच.

चाचणीसाठी मी तीनदा गेलो त्याच्यापाशी.
तिसऱ्यांदा दिसलं,
डब्याचं झाकण त्याने
उन्हाला आडवं धरलंय.