दुसरीच्या वर्गातली दोरी

पुंता अरेनासच्या या शाळेत
बॉयलर माझ्याकडे, चाव्या माझ्याकडे,
आणि चौदा वर्गांचा केर.
यंदा दुसरीला ओडेट बाई आल्या. त्यांनी भिंतीवर
कपडे वाळत घालायची दोरी लावून मागितली.
खिळे मीच ठोकले. कशासाठी, विचारलं नाही.

दोरीखाली चित्रं आली:
फुगलेला मासा, म्हणजे राग.
शिंपल्यात शिरलेला खेकडा, भीती.
शेपटी हलवणारं कुत्रं, ते कुणालाही कळेल.
लांब गेलेली होडी, म्हणजे कुणाची तरी आठवण.
आणि शेवटी एक कोरा कागद,
ज्याला अजून नाव सापडलेलं नाही त्याच्यासाठी.
सकाळी आल्या आल्या पोरं आपल्या नावाचा चिमटा
मन असेल तिथं लावतात.

मला हसू आलं होतं. खोटं का बोलू.

सोमवारी मी त्यांच्या हीटरखाली पाना घेऊन आडवा होतो.
मायकोलनं इग्नासियाची पेन्सिल मोडली.
बाई ओरडल्या नाहीत. सॉरी म्हण, असंही म्हणाल्या नाहीत.
म्हणाल्या, हात पेन्सिलीकडे गेला
त्याच्या जरा आधी पोटात काय होत होतं?
पोरगं विचार करत राहिलं.
"उकळत होतं."
"कधीपासून?"
"रात्रीपासून. बाबा बोटीवर गेले.
मला उठवलंच नाही कुणी."
माझा पाना हातातच थांबला.
तेवढ्यात इग्नासिया: "पण पेन्सिल माझी होती."
"हो," बाई म्हणाल्या. "तेही खरं."

आमच्या बेटावरचे मास्तर एकच विचारायचे, कुणी केलं?
मग पट्टा.
पोटाचं कुणी विचारलं नाही, आणि आम्हीही
आमच्या पोरांना विचारलं नाही.
मला दोनच शब्द येतात: ठीक आहे, आणि दमलोय.
रोसाल्बा गेली तेव्हा भेटायला आलेल्यांना
मी म्हणालो, दमलोय.
अकरा वर्षं झाली, दमलोयच.

त्या संध्याकाळी वर्ग झाडून झाला
तरी मी निघालो नाही.
डब्यातून एक चिमटा घेतला. एलेउतेरियो
त्यावर मावेना, म्हणून नुसतं एलेउ लिहिलं.
आधी माशावर लावला. काढला.
कोऱ्या कागदाशी बराच वेळ उभा राहिलो,
हातात झाडू, जसा कुणी बोलवायची वाट बघतो.
मग होडीवर लावला आणि दिवा मालवला.
पहाटे येऊन काढून टाकीन म्हटलं.

पहाटे सामुद्रधुनीवरून असा वारा सुटला
की चौकात नगरपालिकेनं दोर बांधले.
माणसं दोर धरून, वाकून, एकेक पाऊल टाकत होती.
एका म्हातारीनं दोराबरोबर माझी बाहीही धरली.
पोचेपर्यंत घंटा झालेली.

मधल्या सुट्टीत यानिरा बॉयलरपाशी आली,
पुढचे दोन दात पडलेले.
"तुमचा चिमटा होडीवर आहे."
"चुकून लागला असेल."
"चिमटा चुकून नाही लागत," ती म्हणाली,
"तो दाबावा लागतो."

बॉयलर घुरघुरत होता. मी त्याच्याकडे तोंड करून
म्हणालो, रोसाल्बा.
या तळघरात ते नाव पहिल्यांदाच.
ती जवळ आली नाही. समजूतही घातली नाही.
उलट्या बादलीवर बसून बिस्किट खात राहिली,
आणि अर्धं माझ्यापुढे धरलं, जरा ओलं झालेलं.
मग म्हणाली, "आमच्या वर्गात अजून गार आहे."
मी झडप उघडली.

संध्याकाळी होडीवर तीन चिमटे होते.
मायकोलचा. माझा.
तिसऱ्यावर बाईंच्या अक्षरात बाईंचंच नाव.
कोण, ते मी विचारलं नाही. विचारीन कधीतरी.
दोरी त्या टोकाला जरा झुकली होती,
खिळा हलत होता.
हातोडी आणून पुन्हा ठोकला.