गिरवणं

मार्च सरत आला की दगडातला गारठा सुटतो
आणि ल्वान काका बादल्या घासून उपड्या घालतात.
हिंगुळाचा लाल, थोडं जवसाचं तेल,
तीन कुंचले. त्यातला एक
त्यांच्या मेलेल्या घोड्याच्या शेपटीचा.
तो कुणाला देत नाहीत.
मी दोर धरते.

ताईशानच्या कड्यांवर जागोजाग अक्षरं.
कुणी राजा आला, कुणी सुभेदार,
कुणी तीनदा परीक्षेत नापास झालेला पंडित;
जो तो वर पोचला आणि धाप बसायच्या आत
दगडाला काहीबाही सांगून गेला.
उन्हापावसात लाल उडून जातो.
अक्षर राहतं, पण आंधळं राहतं.
मग आम्ही.

काकांना वाचता येत नाही.
डोंगराच्या कचेरीत हे माहीत नाही, तुम्हीही बोलू नका.
त्यांच्या लेखी हे अक्षर म्हणजे छत्री घेऊन पळणारा माणूस,
ते गुडघे दुमडून बसलेली बकरी,
आणि ते, पुरुषभर उंचीचं,
एकच फळी उरलेलं दार.
मी सहावी शिकलेली. एकदा बोलून गेले,
काका, इथं लिहिलंय, 'ढग माझ्या जोड्यांखाली.'
त्यांनी कुंचला बादलीत टाकला.
"सांगत जाऊ नकोस.
कळलं की हात तिरका जातो."

खालून बायका चढत येतात,
हजारो पायऱ्या, हातात काकड्या, पिशवीत उदबत्त्या.
शिखरावर आजी आहे.
सगळ्या तिला आजीच म्हणतात,
देवी म्हटलं तर लांब जाऊन बसेल म्हणून.
तिच्याकडे मूल मागायचं.
वाटेत पाइनच्या बेचक्यात दगड ठेवायचा,
फांदीला वजन, की कुशीला वजन.
रोकडा हिशेब.

मीही ठेवला होता. मुठीएवढा, एका अंगाने चपटा.
नवरा तेव्हा छिंगताओच्या गोदीत होता,
वर्षातून अकरा दिवस घरी.
त्या अकरा दिवसांचा दगड.

नऊ वर्षं झाली.
दरसाल दोर खांद्यावर टाकून जाताना बघते.
झाडाने सालीचे ओठ मिटत मिटत
अर्धा गिळला, मग पाऊण.
यंदा एक राखाडी डोळा तेवढा बाहेर.
आता काढू म्हटलं तरी निघायचा नाही.
आणि मूल?
मूल झाडालाच झालं म्हणायचं.

मेलेले वर चढत नाहीत.
त्यांच्यासाठी पायथ्याशी बुटकी टेकडी आहे, हाओली,
रेल्वे स्टेशनाच्या पलीकडे.
काकू तिकडे गेली, असं काका म्हणतात,
सहाच्या गाडीने गेली म्हणावं तसं.
संध्याकाळी उतरलो की हात धुवायच्या आधी
ते त्या बाजूला तोंड करून उभे राहतात,
दहाही बोटं लाल, पाठीशी धरलेली.
काय करता, विचारलं तर म्हणाले,
"हजेरी."

वर एक खांब आहे, सबंध कोरा.
कुणी उभा केला, का लिहिलं नाही,
यावर पर्यटक फार बोलतात.
काका त्याला फडक्याने पुसतात
आणि मजुरीच्या कागदात एक अक्षर जास्त लावतात.
कचेरीने अजून हटकलेलं नाही.

आज पाइनपाशी थांबलो.
काका कड्याच्या माथ्यावर गाठ बघत होते.
मी न विचारता
घोड्याच्या शेपटीचा कुंचला उचलला,
टोक बुडवलं,
आणि त्या राखाडी डोळ्यात एक ठिपका दिला.
काय वाचायचं ते मलाही ठाऊक नव्हतं,
म्हणून हात सरळ गेला.

रंग सालीत थोडा ओघळला.
मुंगी आली, वास घेऊन वळली.
मी बघत राहिले, किती वेळ कोण जाणे,
तोवर वरून हाक:
"रुईछिन! दोर! अगं, दोर कुणी धरलाय?"