रकाना अकरा

तार्तूपासून व्होरूच्या छावणीपर्यंत सत्तर किलोमीटर.
दोन वर्षं मी हाच रस्ता शिवते आहे,
सुई म्हणून की दोरा म्हणून, अजून ठरलेलं नाही.
मागच्या सीटवर करारनामे, थर्मास,
कुणाचं तरी विसरलेलं सोल्डरिंग मशीन.

माझ्या हुद्द्याचं नाव एका ओळीत मावत नाही.
आई शेजारणीला सांगते, 'एव्हेली जुळवाजुळव करते.'
खोटं नाही ते. फक्त इथे रुसून बसणारे तिघे,
आणि वऱ्हाड कुणाचंच नाही.

मेजर पेअर्न म्हणाले होते,
'दिसायच्या आधी ऐकू यायला हवं.'
एवढंच. टेबलावर तळहात पालथा ठेवून.
मागे भिंतीवर नकाशा,
आणि नकाशावर सरहद्द त्यांच्या खांद्यापासून वीतभर.

मी कान शोधत निघाले
आणि ते सापडले विद्यापीठात,
प्राणिशास्त्राच्या तळघरात, हेल्ये कूसिक यांच्या कपाटात.
एकवीस हिवाळे त्यांनी वटवाघळं ऐकली आहेत,
पिउसाच्या वाळूच्या खाणींत, श्वास आवरून.
'झोपेत त्यांचं काळीज अगदी संथ होतं,' त्या म्हणाल्या.
'जाग आली की साठवलेली चरबी जळते.
तीन-चारदा उठवा, वसंत बघत नाहीत.'
मेजरांनी टोपी काढली.
का, कुणास ठाऊक.

तिसरं बिऱ्हाड बंद पडलेल्या डेअरीत.
योसेप आणि ऊकू, दोघांत मिळून एक डिग्री,
भिंतीला अजून आंबूस दुधाचा वास.
त्यांचे पैसे मार्चपर्यंत पुरणार,
सरकारचे जूनमध्ये येणार.
मधल्या तीन महिन्यांचं काय,
हे कुठल्याच अर्जात विचारलेलं नसतं.

आकाशातल्या एकाच गुणगुणीला
मेजर लक्ष्य म्हणत, बाई नमुना,
आणि पोरं, जीभ चावत, प्रॉडक्ट.
इतिवृत्तात मी 'आवाज' लिहिलं.
तिघांनी सही केली.

पण बाईंनी अर्ज दोन महिने अडवला.
रकाना अकरा: अंतिम उपयोग.
त्यांनी लिहिलं होतं, 'ऐकणे.'
मी म्हटलं, एवढ्याने भागणार नाही.
'मग ऐकल्यानंतरचं तुम्ही लिहा,' त्या म्हणाल्या,
'तुमच्या अक्षरात.'
माझ्या उजव्या हाताची दोन बोटं
माझ्या जन्माआधीच्या एका युद्धाने नेली,
बटाट्याच्या शेतात पुरलेल्या गोळ्यातून.
मी डाव्या हाताने लिहिते. वेळ लागतो.
त्या दिवशी जरा जास्तच लागला.

फेब्रुवारी. उणे एकोणीस.
डबे बर्फात रोवले, वर मायक्रोफोन, लोकरी टोपरी घातलेले.
ड्रोन पाइनच्या रांगेमागून आलं
आणि दिसायच्या बत्तीस सेकंद आधी दिवा लागला.
शिपायांनी टाळ्या वाजवल्या,
जाड हातमोज्यांमुळे बिनआवाजाच्या.
योसेप बर्फातच बसला. रडत होता की हसत होता,
मी पाहिलं नाही, बिल मार्चच्या आत निघेल का
हे मोजत होते.

चार वाजून दहा मिनिटांनी दिवा पुन्हा लागला.
आकाश रिकामं.
'चुकीचा इशारा,' ऊकू म्हणाला, 'गाळून टाकतो.'
बाईंनी हेडफोन मागितला.
मेजर घड्याळ बघू लागले, मग बघेनासे झाले.
'तळ्यावरची जात आहे,' बाई म्हणाल्या,
'या थंडीत बाहेर?
हिला कुणीतरी उठवलंय.'

कुणीच काही बोललं नाही.
जनरेटर तेवढा चालू होता,
मग मेजरांनी हात केला आणि तोही बंद झाला.

अहवाल अजून माझ्याकडेच आहे.
इशारे दोन, असं लिहिलंय.
चुकीचे किती, ही जागा कोरी.

परतताना बाई शेजारी बसल्या होत्या, हेडफोन मांडीवर.
रस्ता पांढरा, दोन्हीकडे अंधार.
सवयीने माझा हात रेडिओकडे गेला
आणि मी तो मागे घेतला.