ना-देणे दाखला

चौदा सह्या लागतात. तेरा झाल्या.
ग्रंथालयाची राहिली:
एकोणनव्वद साली नेलेलं एक पुस्तक
परत केलं असं मी म्हणतो,
कॉम्प्युटर नाही म्हणतो.

मी लागलो तेव्हा हे विद्यापीठ नव्हतं.
पणजीत मुंबईचं केंद्र, आमच्या वाट्याला दोन खोल्या
आणि एक व्हॅक्यूम पंप, जर्मन. मॅन्युअलही जर्मन.
वेर्णेकर सरांना पोर्तुगीज येई, फ्रेंच येई.
पंप आम्ही कानानं शिकलो.

मग ट्रकातून ताळगावच्या पठारावर.
शाबीनं पंप मांडीवर धरलेला,
"सर, हो म्हज्या पुतापरस जड."
काजूंमधून कच्चा रस्ता,
चिऱ्याची तांबडी धूळ भिंगांच्या डबीत शिरली
ती अजून तिथेच आहे.

माझा विषय: काचेवर धातूचा थर,
केसाच्या हजाराव्या भागाएवढा.
त्यातून वीज कशी जाते, बस.
आई म्हार्दोळला विचारायची, "म्हणजे कल्हईच ना?"
वर्षानुवर्षं समजावलं.
सोडून दिलं तेव्हा लक्षात आलं, तिचं बरोबर होतं.

फक्त कल्हईला हवा चालते.
माझ्या थराला पोकळी लागते, निखळ,
आणि खाली दोना पावलाचा समुद्र.
खारा दमट वारा कुठल्यातरी रबरी कड्यातून आत येई.
साबणाचा फेस लावून पाहिला, ॲसिटोन शिंपडलं.
इफिजिनिया कुलासो तर रात्री दिवे मालवून
भांड्याला कान लावून बसायची.
गळती मापता येई. बुजवता आली नाही.

एक पेपर परत आला. परीक्षकाचं एकच वाक्य,
बाष्पाचा परिणाम वगळलात तो कशावरून?
मी अकरा पानी उत्तर लिहिलं
आणि खणात ठेवलं.
दोन वर्षांनी तोच निष्कर्ष
कुठल्यातरी कोरड्या देशातून छापून आला.

बाकी सगळं बायोडेटात आहे.
तीन पीएच.डी. झाल्या, एक अर्धी.
अर्धी इफिजिनियाची. पोर्तुगीज पासपोर्ट झाला, लिस्बनला गेली,
एका बेकरीचे हिशेब बघते.
नाताळात फोन येतो, आधी पंपाची चौकशी, मग माझी.
प्रोफेसर झालो तेव्हा गुण कमी पडत होते,
परीक्षा हॉलवर फिरल्याचे धरून पुरले.

आज कपाट रिकामं करताना शाबीच्या वह्या निघाल्या.
रोज सकाळी पावणेदहाला, कुणी न सांगता,
ओल्या-कोरड्या थर्मामीटरवरून खोलीची आर्द्रता.
संप असला तरी. चतुर्थीलाही कसा यायचा कोण जाणे.
एका पानावर, "बायल गेली. ९१ टक्के."
तो निवृत्त झाल्यापासूनची दोन वर्षं अक्षर माझं आहे,
सवय म्हणून. मागचं मी कधी वाचलं नव्हतं.

आज वाचलं. त्या पेपरातला थर
ज्या दिवशी केला त्या तारखेचं पान काढलं.
जानेवारी. एक्केचाळीस टक्के.
त्या हिवाळ्यातला सगळ्यात कोरडा दिवस,
आणि पुढे ओळभर, "पंपाचो आवाज बरो."

उत्तर होतं का हे? अर्धं असेल.
संपादकाला दाखवण्यापुरतं नक्की होतं,
माझ्या खुर्चीपासून सात पावलांवर.

स्टोअरकीपर म्हणतो, वह्या मालमत्ता यादीत नाहीत,
हव्या तर न्या, नाहीतर रद्दी.
घड्याळात दहा वाजून गेलेत. आजचा रकाना कोरा,
थर्मामीटरची चिंधीही वाळलेली.
बाटलीतलं पाणी तिच्यावर ओतलं.
पारा उतरून स्थिर व्हायला दहाएक मिनिटं लागतात.
खाली टेम्पोवाला हॉर्न देतोय.
देऊ दे.