जर्मन

वाघोलीच्या तळ्यापाशी साडेसहाला भेटायचं ठरलेलं.
इब्राहिम तांबोळी सहालाच येऊन
पायरीवर बसला होता, सायकलची चेन पुसत.
"चालायचंय ना रे?"
"चालायचंच. ही नुसती बरोबर."

देवळामागं, कण्हेरीच्या आडोशाला
एक वीरगळ. कमरेपर्यंत मातीत.
खालच्या चौकटीतली लढाई जमिनीत गेलेली.
दिसतं ते एवढंच:
दोन बायका एका माणसाला काखेत हात घालून
वर नेताहेत,
आणि त्याचे पाय अजून जड आहेत.
नाव नाही. कुणीतरी शेंदूर लावून जातं.

मग निरगुडीची वाट. हरभऱ्यावर दहिवर,
पलीकडं प्लॉटांचे पांढरे दगड, आकडे घातलेले.
माझा डावा बूट चावत होता.
ओढा उतरून चढलो तर समोर एक गोठा,
छप्पर अर्ध्या पिंपासारखं वाकलेलं.
"ह्याच्याखाली विमान मावायचं," इब्राहिम म्हणाला.
म्हैस रवंथ करत बघत राहिली.
कौसाबाई शेणाचे हात तसेच धरून बाहेर आल्या:
"लिलावातला पत्रा हाय. सासऱ्यानं घेतला.
अजून गळंना."

इब्राहिमच्या आजोबांनी तर विमानंच घेतली होती.
लढाई संपल्यावर, तीन.
वजनावर.
पंख कुऱ्हाडीनं तोडून बैलगाडीत घातले;
रस्ताभर पोरं मागनं धावत होती, म्हणे.
तांबटांनी हात लावला नाही,
"हा धातू ठोक्याला बोलत नाही."
शेवटी एक ओतारी भेटला. मग झारे, पातेली,
गिरणीवाल्यांचे डबे.
इंग्रजांची विमानं, जपान्यांवर जाणारी,
आणि गिऱ्हाईक दारात उभं राहून विचारणार:
"जर्मन काय शेर?"

एका पत्र्याला आतल्या बाजूनं
पेन्सिलीनं काही लिहिलेलं होतं.
जिनं ठोकला तिनं लिहिलं असेल,
किंवा ज्याला उडायचं होतं त्यानं.
आजोबांना ती अक्षरं येत नव्हती.
वर्षभर पत्रा बाजूला ठेवला, वाचणारा कुणी येईल म्हणून.
मग दिवाळी आली, गिऱ्हाईक वाढलं.

लोहगावच्या भिंतीशी पोचलो तेव्हा दहा वाजलेले.
तारा, बाभळी, फोटो काढू नये अशी पाटी.
टपरीवर बसलो. माझे पाय जड झाले होते.
चहा जर्मनच्याच पातेल्यात उकळत होता,
काठाशी एक भोक बुजवलेलं.
त्याच्याकडं बघतच इब्राहिम म्हणाला,
"आजोबा जायच्या आदल्या रात्री मला म्हणाले, की तो पत्रा..."

आणि सुखोई उठलं.

इथं सगळ्यांना सवय आहे.
टपरीवाला गाळणी धरून थांबला,
बिडी ओढणारा काडी पेटवून थांबला,
एक बाई मोबाइल कानाला तसाच धरून
आभाळाकडं न बघता थांबली.
बाकाच्या फळीतून आवाज माझ्या दातांत आला.
मग काडी विझली, गाळणी खाली आली,
बाई पुढं बोलू लागली, जिथं तुटलं होतं
बरोबर तिथून.

"काय म्हणत होतास?"
इब्राहिमनं बशीत चहा ओतला, फुंकर घातली.
"साखर कमी पडलीय म्हणालो."