आढळल्यास

सोहारच्या या कॉलेजात नियम एकतीस.
डाव्या पानावर इंग्रजी, उजव्या पानावर अरबी,
आणि मधल्या घडीत, जिथे पान दुमडतं,
मी ते मनातल्या मनात मराठीत वाचतो,
दापोलीच्या कॉलेजातल्या फळ्यावर असायचे तसे:
करू नये. बसू नये. आणू नये. आढळल्यास...
'नये'ला भूतकाळ नसतो,
असं व्याकरणाच्या सरांनी सांगितलं होतं
आणि मला वर्गाबाहेर उभं केलं होतं.
कशासाठी, ते आता आठवत नाही.

गुरुवारी शिस्त समिती बसते.
डीन इजिप्तचे, चहात चार चमचे साखर.
डॉक्टर नसीमा, चष्मा कायम डोक्यावर.
समुपदेशक मॅडम मनिलाच्या,
समोरचा रडत नसला तरी टिश्यू पुढे करतात.
आणि टेबलाच्या टोकाला मी, सोलकर.
मला मत नाही. पेन आहे.

आज मुहन्नद. मेकॅनिकल, दुसरं सत्र.
कलम सात: पोशाख पांढरा, स्वच्छ, डोक्यावर कुम्मा.
कलम अकरा: दहा मिनिटांनंतर दार बंद.
कलम तेवीस: ग्रंथालयात झोपू नये.
तिन्ही एकाच सकाळी.
"हा काय नियम गोळा करतोय?" डीन म्हणाले,
आणि हसायचं की नाही ते कोणाला कळेना.

पोरगा उभा. हात मागे.
इतकं अत्तर की खोलीतला एसी मान टाकेल,
आणि त्या अत्तराच्या खाली
ज्याच्यासाठी ते लावलं होतं, तेही.
डॉक्टर नसीमांनी खिडकीकडे पाहिलं. खिडकी उघडत नाही.
बाहीवर, कोपरापाशी,
नखाएवढं काहीतरी चमकत होतं.

मला विचारलं असतं तर सांगितलं असतं.
तारलीचा खवला तो.
पहाटे जाळं जड लागलं असणार,
किनाऱ्याला लागायला उशीर, मग गाडीतच कपडे बदलले,
आणि अंगावरचा एक बाहीला चिकटून आला.
हर्णैहून आम्ही असेच यायचो पहिल्या एसटीने,
आणि पुढच्या बाकावरची पोरं
डिसेंबरातही पंखा पाचवर करायची.
होडीवर बापाच्या जागी हा का,
कोणी विचारलं नाही. फॉर्मवर तो रकाना नाही.

"मिस्टर सोलकर, लिहून घ्या."
लिहिलं: उशीर, अकरा मिनिटं.
लिहिलं: झोप, ग्रंथालय, द्रवगतिशास्त्राच्या कपाटामागे.
कलम सातपाशी पेन थांबलं.
पोशाख: पांढरा.
खोटं कुठे होतं?
तिघांनी सह्या केल्या. वाचत कोणीच नाही.
एक लेखी ताकीद. पुढचा विद्यार्थी.

रविवारी माझ्या खोलीच्या कडीला काळी पिशवी,
गाठ अशी मारलेली की ती फक्त पाण्यावर शिकतात.
कर्मचाऱ्यांची पुस्तिका वेगळी, हिरवी.
कलम चार: भेटवस्तू स्वीकारू नये.
पिशवी दुपारपर्यंत कॅन्टीनच्या फ्रीजमध्ये ठेवली
आणि फ्रीजवर मी स्वतःच टाइप केलेली सूचना होती,
ती सांगत बसत नाही.

घरी सकीना म्हणाली, "एवढ्या कोणी दिल्या?"
म्हटलं, "बाजारात स्वस्त होत्या."
"बाजारातून आणलेली बायकोला कळत नाही होय?"
तिरफळं संपली होती, नुसत्या कोकमावर भागवलं.
इमारतीत नियम आहे, वास जिन्यात जाऊ नये,
म्हणून दाराखाली ओला टॉवेल लावून
चोरासारखे जेवलो, बोटं चाटून.

दुसऱ्या दिवशी दारातल्या यंत्रावर अंगठा ठेवला.
लाल दिवा.
शर्टाला पुसून ठेवला. लाल.
मागे पोरांची रांग, तिच्यात मुहन्नद,
वेळेआधी, कुम्मा कडक.
त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.
नाक मात्र एकदा फुललं,
आणि त्याने घाईने
स्वतःचीच बाही हुंगून पाहिली.

मी आत गेलो तेव्हा
आठ वाजून दोन मिनिटं झाली होती.